सहा फूट दोन इंचांचा सेंटर

माझी खरी उंची मला वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी कळली, सिंगापूरच्या वुडलँड्समधल्या एका लिफ्टमध्ये. मी भाड्याची खोली बघायला चाललो होतो. माझ्यामागून एक बुटके गृहस्थ लिफ्टमध्ये शिरले. अर्ध्या बाह्यांचा पिवळा शर्ट, खिशाला पेन आणि पेनाशेजारी गुंडाळीची छोटी टेप. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग बटनांच्या पट्टीकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं आणि स्वच्छ मराठीत म्हणाले, "पाच साडेदहा. बूट काढल्यावर."

मी मराठी आहे हे त्यांनी माझ्या सॅकवरच्या पुण्याच्या कॉलेजच्या नावावरून ओळखलं असणार. पण उंचीचा अपमान मला सहन झाला नाही. "पाच अकरा," मी म्हणालो.

"ते मुलीकडच्यांना सांगा," ते म्हणाले.

चौदाव्या मजल्यावर आम्ही दोघंही उतरलो, एकाच दिशेने चाललो आणि एकाच दारापुढे थांबलो. त्यांनी खिशातून किल्ली काढली. हेच माझे होणारे घरमालक.

"बास्केटबॉल खेळता का?" दार उघडता उघडता त्यांनी विचारलं.

"नाही."

"हरकत नाही, शिकाल. खोली तुमची. बाकी काय ते आमची ही विचारेल."

बाकी म्हणजे मांसमच्छी, पाहुणे आणि वॉशिंग मशीनचे वार. ते काकूंनी रीतसर विचारलं. तोवर काकांनी मला स्वयंपाकघराच्या दाराशी नेऊन, बूट-मोजे काढायला लावून, डोक्यावर गवंड्याचा गुण्या टेकवून चौकटीवर पेन्सिलीने रेघ मारली होती. रेघेपुढे माझं नाव आणि "पाच साडेदहा". त्या चौकटीवर आधीच्या सगळ्या भाडेकरूंच्या रेघा होत्या. खाली, पार गुडघ्यापासून वर चढत गेलेल्या त्यांच्या मुलीच्या रेघा होत्या. रेवतीच्या. त्या बाराव्या वाढदिवसापाशी थांबल्या होत्या. पुढे तिला चौकटीशी उभं राहायचा कंटाळा यायला लागला, आणि काकांना रविवारचा बास्केटबॉल लागला.

काका लिफ्टची तपासणी करायचे. ऐन तारुण्यात पुण्याहून इथे आले ते याच कामाला, आणि कामाचे एकेक पास बदलत शेवटी इथलेच नागरिक झाले. लिफ्टमध्ये पाटी असते, किती माणसं, किती किलो. ती पाटी हे काकांचं तत्त्वज्ञान होतं. "क्षमता लिहिलेली असते हो," ते म्हणायचे, "वाचतो कोण?" लिफ्टमध्ये त्यांना बटनं दिसायची नाहीत, माणसं दिसायची. बटनांची पट्टी किती उंचावर असते ते पाठ असल्यामुळे तिच्याशेजारी माणूस लगेच मोजून व्हायचा. एकदा कामावरून येताना एका लांबसडक माणसाच्या मागे ते नवव्या मजल्यावर उतरले आणि त्याच्या दारापर्यंत गेले. तो बिचारा पोस्टातून निवृत्त झालेला मलय गृहस्थ होता. त्याने घाबरून बायकोला हाक मारली. काकांनी बास्केटबॉलचं विचारल्यावर तिने हसत हसत सांगितलं की यांच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली आहेत. काका चहा पिऊन परत आले आणि आठवडाभर हळहळत होते. "सहा तीन होता हो," ते मला सांगत राहिले, "आणि गुडघे दोन्ही गेलेले."

आता हा बास्केटबॉल काय प्रकार होता ते सांगायला हवं. आम्हा मराठी मंडळींच्या चार टीम होत्या. वुडलँड्सची काकांची, चोआ चू कांगची वैद्यबाईंची, आणि पूर्वेकडच्या काँडोवाल्यांच्या दोन. बायका-पुरुष सगळे एकत्र. सामने रविवारी सकाळी, ऊन चढायच्या आत, कुणाच्या तरी ब्लॉकखालच्या कोर्टावर. सिंगापुरात माणसं टिकत नाहीत. कुणाचा पास संपतो, कुणाला सिडनीत नोकरी लागते, कुणाची बायको म्हणते आता पुरे झालं. त्यामुळे दरवर्षी टीमला भोकं पडायची, आणि ती बुजवायला काकांनी अमेरिकेतल्या सामन्यांवरून एक पद्धत उचलली होती. त्या वर्षी नवीन आलेल्यांची आणि अठरा पूर्ण केलेल्या मुलांची एक यादी करायची. चारही कॅप्टननी पाळीपाळीने त्यातला एकेक जण उचलायचा. आदल्या वर्षी जी टीम तळाला गेली तिची पाळी पहिली. याचं नाव ड्राफ्ट, आणि आपली पाळी म्हणजे आपलं पिक.

"शेवटी बसलेल्याला आधी वाढणारी जगातली ही एकच पंगत," काका अभिमानाने सांगायचे.

खरी गंमत पुढे होती. हे पिक दुसऱ्या टीमला देता येई, त्याच्या बदल्यात दुसरं काही घेता येई, आणि अजून न उजाडलेल्या वर्षाचं पिकसुद्धा देऊन टाकता येई. फक्त पैसा मधे आणायचा नाही. काँडोवाल्या एका कॅप्टनकडून काकांनी एकदा तिसऱ्या पिकच्या बदल्यात पुढच्या वर्षीचं दुसरं पिक आणि वर्षभर बर्फाची पेटी उचलून आणायची हमी मिळवली होती. ड्राफ्ट दरसाल संक्रांतीनंतरच्या रविवारी काकांच्याच हॉलमध्ये व्हायचा. काकू तिळगूळ वाटायच्या, सगळे गोड बोलायचं वचन द्यायचे आणि मग तीन तास भांडायचे.

बक्षीस म्हणजे एक पितळी तांब्या. अंतिम सामना गुढीपाडव्याच्या आधीच्या रविवारी असे, आणि जिंकणाऱ्या कॅप्टनच्या गुढीवर त्या वर्षी तो तांब्या चढे. काकांच्या गुढीवर तो कधीच चढला नव्हता. आमच्या फ्लॅटच्या स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर कपडे वाळत घालायचे बांबू खोचायची सोय होती. त्याच बांबूवर काकांची गुढी उभी राहायची, म्हणजे खरं तर आडवी. वर स्टीलचा पेला. चौदाव्या मजल्यावरून पेला खाली कुणाच्या डोक्यात पडला तर पोलीस येतात, म्हणून काका तो लिफ्टच्या तारेने बांधायचे, लागते त्याच्या बारापट मजबूत. "तांब्या आला की तार बदलावी लागेल," ते दरवर्षी म्हणायचे. तांब्या येत नव्हता, पण जाड तारेचं एक भेंडोळं कपाटात तयार होतं.

आणि तांब्या न येण्याचं कारण मी होतो. बास्केटखाली उभा राहणारा, टीममधला सगळ्यात उंच गडी म्हणजे सेंटर. त्याने उड्या मारून चेंडू काढायचे आणि वर टाकायचे. पहिली दोन वर्षं हा सेंटर मी होतो. चेंडू माझ्याकडे यायचा, मी त्याच्याकडे बघायचो आणि तो दुसऱ्या कुणाकडे तरी जायचा. बाकावरून काका ओरडायचे, "हात वर. अहो, निदान हात तरी वर." सामना संपल्यावर मात्र ते कधी रागावले नाहीत. मला शेजारच्या हॉकर सेंटरवर, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईत, नेऊन कोपी, म्हणजे इथली कॉफी, पाजायचे आणि म्हणायचे, "तुमची क्षमता आहे. पाटी कुठे लावली आहे तेवढं सापडत नाही."

तिसऱ्या वर्षी डिसेंबरात काकूंच्या पुण्याच्या मैत्रिणीचा व्हॉट्सअॅपवर निरोप आला. तिचा मुलगा चिन्मय नोकरीसाठी सिंगापूरला येतोय, थोडे दिवस ठेवून घेशील का, आणि जाता जाता तिकडे एखादी चांगली मुलगी असेल तर बघ. सोबत बायोडेटा होता. वर गणपती, खाली जन्मवेळ, रास, नाडी. काकूंनी तो वाचून फोन टेबलावर ठेवला. काकांनी सहज उचलला, चष्मा वर केला, चष्मा खाली केला आणि उभेच राहिले.

"उंची सहा फूट दोन इंच," ते हळूच म्हणाले.

"अहो, बायोडेटा आहे तो," काकू पोळी लाटता लाटता म्हणाल्या.

"छापील आहे."

"म्हणूनच म्हणते."

फोटोही होता. कॉलेजच्या पायऱ्यांवर चिन्मय उभा आणि त्याच्या खांद्याखाली त्याची आई. आई दोन पायऱ्या खाली उभी होती, पण पायऱ्या फोटोत कापल्या गेल्या होत्या. ज्या माणसाने मला अर्ध्या इंचाची सूट दिली नाही, त्याने हा आकडा एका घासात गिळला. कारण तो लिहिलेला होता. आयुष्यभर पाटीवर विश्वास ठेवून ज्याची एकही लिफ्ट पडली नाही, त्याला दुसरं काय सुचणार?

त्या वर्षी पहिलं पिक वैद्यबाईंचं होतं आणि दुसरं काकांचं. वैद्यबाई रॅफल्स प्लेसच्या एका बँकेत जोखीम मोजायचं काम करत. पन्नाशीच्या, शांत, समोरचा माणूस बोलत असताना सावकाश तिळगूळ चावणाऱ्या. काकांनी त्यांना गॅलरीत गाठलं. मी पाणी द्यायच्या निमित्ताने जवळच होतो.

"तुमचं पहिलं पिक मला द्या," काका म्हणाले. "माझं दुसरं घ्या, आणि पुढच्या वर्षीचं माझं पहिलं."

"पुढच्या दोन वर्षांचं," वैद्यबाई म्हणाल्या.

"दिलं."

त्यांनी इतक्या पटकन दिलं की वैद्यबाईंचा तिळगूळ तोंडातच राहिला. मग हॉलमध्ये येऊन काकांनी घसा साफ केला आणि पहिलं नाव घेतलं, चिन्मय. कुणालाच तो माहीत नव्हता. काकांनी सहा दोन म्हटल्यावर काँडोवाल्यांचे चेहरे पडले. माझा मात्र उजळला, कारण माझी सुटका झाली होती.

"वैद्यबाई, दुसरं पिक तुमचं," काका मोठ्या मनाने म्हणाले.

"रेवती," वैद्यबाई म्हणाल्या.

"कोण रेवती?"

"तुमची."

यादी काकांनीच टाइप केली होती. वरून सातवं नाव रेवतीचं होतं, कारण तिने नुकतीच अठरा पूर्ण केली होती. प्रत्येकापुढे त्यांनी उंची लिहिली होती. तिच्यापुढची जागा रिकामी होती. वैद्यबाईंची मुलगी रेवतीच्याच कॉलेजात होती, त्यामुळे त्यांनी रेवतीला नेटबॉल, म्हणजे बास्केटबॉलचाच चुलतभाऊ, खेळताना दोन वर्षं पाहिलं होतं. काकूंनीही पाहिलं होतं. ते सामने शनिवारी दुपारी असत, आणि शनिवारी दुपारी काका खाली कोर्टावर आमचा सराव घेत. म्हणजे मला हात वर करायला शिकवत.

रेवती कॉफीचे कप घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आली होती. उंची आजोळची. दारातून येताना आईसारखी मान जराशी झुकवून यायची.

"बाबा, यू ट्रेडेड मी फॉर अ बायोडेटा?" ती म्हणाली.

"अगं, तुला कशाला सोडेन? तू घरचीच आहेस. शेवटच्या फेरीत घेणारच होतो."

"लास्ट राउंड," रेवती म्हणाली. तिने कप ठेवले, वैद्यबाईंना म्हणाली, "आंटी, व्हॉट टाइम प्रॅक्टिस?" आणि आपल्या खोलीत निघून गेली. तिने दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं, असं काका मला नंतर म्हणाले.

पुढच्या गुरुवारी आम्ही दोघं चांगी विमानतळावर चिन्मयला आणायला गेलो. काका दाराजवळच्या एका खांबाशी उभे राहिले. त्या खांबावरची पट्टी बरोबर सहा फुटांवर आहे हे त्यांनी आधी येऊन पाहून ठेवलं होतं. एक उंच तरुण बाहेर आला तसे काका दोन्ही हात पसरून धावले. तो डच निघाला. तेवढ्यात मागून कुणीतरी वाकून त्यांच्या पायाला हात लावला. "नमस्कार काका. मी चिन्मय."

तो सरळ उभा राहिला. काकांनी त्याच्याकडे पाहिलं, खांबाकडे पाहिलं. मीही मोजलं, तोवर मलाही ती सवय लागली होती. पाच पावणेनऊ.

एमआरटीच्या गाडीत बसल्यावर काकांनी खिशातली टेप काढली आणि पुन्हा ठेवली. मग अगदी दुखावल्या आवाजात विचारलं, "सहा दोन कुणी लिहिलं?"

"आईने," चिन्मय ओशाळून म्हणाला.

"तिला घरात टेप मिळाली नाही?"

"मिळाली होती काका. पण आईला मी तेवढाच दिसतो."

घरी हे ऐकून काकू इतक्या हसल्या की त्यांना स्टुलावर बसावं लागलं. काका म्हणाले, यात हसण्यासारखं काही नाही, ही फसवणूक आहे. तेव्हा काकूंनी पदराने डोळे पुसले. "तुमच्या बायोडेटात पाच सात होती," त्या म्हणाल्या. "बघायला आलात तेव्हा सगळा वेळ बसूनच होतात. हार घालताना मला हात वर करावा लागला नाही तेव्हा कळलं. मी काय तुम्हाला परत पाठवलं?"

"ते आमच्या आईने लिहिलं होतं," काका पुटपुटले आणि चिन्मयला चौकटीकडे घेऊन गेले.

त्या मोसमात घराचे दोन भाग झाले. जेवायला सगळे एकत्र, पण बास्केटबॉलचा शब्द नाही. रेवती बाबांना भाजी वाढायची, हवंय-नको विचारायची, त्यापुढे काही नाही. आमच्या टीमच्या गुप्त बैठका लिफ्टमध्ये व्हायला लागल्या. काका सगळ्या मजल्यांची बटनं दाबायचे आणि चौदापासून एकपर्यंत आम्ही डावपेच करत जायचो. दार उघडलं की गप्प, बंद झालं की सुरू. चौथ्या मजल्यावरच्या चिनी आजी भाजीची पिशवी घेऊन आत येत आणि आमच्या डावपेचांत वर-खाली फिरत. त्यांची काही तक्रार नव्हती.

नवल म्हणजे आम्ही जिंकत होतो. चिन्मय बुटका होता, पण चपळ होता आणि नको तिथे कडमडायची त्याला देणगी होती. मी मात्र सेंटरच राहिलो होतो. दुसरीकडे चोआ चू कांग तर सुसाट सुटलं होतं. रेवती उडी मारायची आणि चेंडू तिच्या हातात यायचा. अंतिम सामना आमच्यात आणि त्यांच्यातच होणार हे मार्च लागतानाच दिसायला लागलं.

काकांनी शनिवारचा आमचा सराव रद्द केला. "शत्रूची पाहणी करायची," ते म्हणाले. चार शनिवार आम्ही दोघं चोआ चू कांगला गेलो, कोर्टाशेजारच्या ब्लॉकच्या खांबाआड बसलो आणि वैद्यबाईंचा सराव पाहिला. काकांकडे वही होती. पहिल्या शनिवारी त्यांनी पाच पानं भरली. कोण थकतं, कोण चिडतं, कोण डावखुरं. दुसऱ्या शनिवारी त्यांना सापडलं. बास्केटखाली चेंडू हातात आला की रेवती नेहमी उजवीकडे गिरकी घेऊन टाकायची. दर वेळी. "उजवीकडे आधीच कुणी उभा राहिला तर संपलं," काका कुजबुजले.

तिसऱ्या शनिवारी मी त्यांच्या वहीत डोकावलो. "खाली पडलेल्या मुलीला हात देऊन उठवते," असं लिहिलं होतं. त्याखाली, "पाणी आधी दुसऱ्यांना देते." त्याखाली, "हसताना माझ्या आईसारखी दिसते." चौथ्या शनिवारी वहीत काहीच नव्हतं. ते नुसते बघत होते, मधेच हाताने टाळी वाजवायला जात आणि आपण लपलो आहोत हे आठवून हात मांडीखाली घालत. परतीच्या वाटेवर मला म्हणाले, "दोन वर्षं ही इतकं सुंदर खेळत होती, आणि मी तुमचे हात वर करत होतो." मला वाईट वाटलं, त्यांच्यासाठी आणि थोडं माझ्यासाठीही.

अंतिम सामन्याच्या सकाळी त्यांनी मला आणि चिन्मयला लिफ्टमध्ये घेतलं आणि सगळी बटनं दाबली. चौदा, तेरा, बारा. तोंड उघडायला त्यांना नववा मजला लागला.

"सेंटर चिन्मय," ते म्हणाले.

"काका, मी त्याच्यापेक्षा पावणेदोन इंच उंच आहे," मी उगाच म्हणालो.

"माहीत आहे. ते पावणेदोन इंच बाकावर बसवा." मग ते चिन्मयकडे वळले. "तिच्याइतकी उडी तुला यायची नाही. मारूच नकोस. चेंडू तिच्याकडे गेला की उजवीकडे जाऊन उभा राहा. ती तिकडेच वळणार."

उंचीच्या यादीबाहेर जाऊन त्यांनी सेंटर निवडला तो हा पहिलाच. तांब्या त्यांना हवा होता, मुलगीही परत हवी होती, आणि दोन्ही मिळवायचा मार्ग त्यांना ठाऊक नव्हता. मला विचाराल तर मला बाकावर बसायला मिळाल्याचा जो आनंद झाला तो पदवी मिळाली तेव्हाही झाला नव्हता.

आणि डावपेच चालला. रेवतीकडे चेंडू आला की चिन्मय उजवीकडे हजर. ती वळायची, तो समोर. ती थांबायची, चेंडू दुसऱ्याला द्यायची. काका बाकासमोर येरझाऱ्या घालत होते. आमचा गुण झाला की हसायचे आणि रेवतीचा चेंडू अडला की कसंनुसं तोंड करायचे. शेवटच्या मिनिटाला बरोबरी होती. चेंडू वर गेला, रेवती उडाली, तिने तो काढला आणि ती खाली आली. चिन्मय उजवीकडे भिंतीसारखा उभा होता.

रेवतीने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती डावीकडे वळली, अगदी सावकाश, जणू घरात फ्रीजकडे वळावं तशी, आणि चेंडू बास्केटमध्ये टाकला. वैद्यबाईंची शिट्टी, चोआ चू कांगचा जल्लोष, आणि त्या सगळ्यांवर चढलेला एक आवाज. "डावीकडून! पाहिलंत? माझ्या पोरीने डावीकडून टाकला!"

काका कोर्टात मधोमध उभे राहून दोन्ही हात वर करून टाळ्या वाजवत होते. त्यांचे हात इतके वर गेलेले मी पहिल्यांदाच पाहिले.

"काका, आपण हरलो," चिन्मय म्हणाला.

"दिसतंय मला," काका म्हणाले आणि टाळ्या वाजवत राहिले.

रेवती घाम पुसत आली. "फोर सॅटर्डेज, बाबा," ती म्हणाली. "पिलरच्या मागे, यलो शर्ट, विथ नोटबुक. यू थिंक आय कॅनॉट सी? तुझ्यासाठी मी एव्हरी टाइम राइटला टर्न केलं. सो बोरिंग, लाह."

काकांना कळायला एक क्षण लागला. मग ते इतके हसले की चष्मा काढावा लागला. आपल्याला आपल्याच पोरीने खोटी पाटी वाचायला लावली, आणि तीही चार शनिवार न चुकता, हे त्यांनी वैद्यबाईंना, काँडोवाल्यांना, चौथ्या मजल्यावरच्या चिनी आजींना, सगळ्यांना स्वतःहून सांगितलं. तांब्या वैद्यबाईंच्या हातात देताना त्यांनी विचारलं, "रेवती परत द्याल? पाच वर्षांची सगळी पिकं देतो." वैद्यबाई म्हणाल्या, "नाही." मग तांब्या काखेत घेऊन म्हणाल्या, "आमचे सामने बघायला मात्र या. खांबाआडून नको."

वर जाताना लिफ्टमध्ये काका, रेवती आणि मी होतो. काकांनी एकच बटन दाबलं. बटनांच्या पट्टीकडे त्यांनी पाहिलं नाही.

"मी तुझे सामने बघायला यायला हवं होतं," ते म्हणाले. "माझं चुकलं."

"याह, चुकलं," रेवती म्हणाली. मग तिने त्यांच्या चष्म्यावरचा घाम आपल्या टीशर्टने पुसला. "बट यू केम, लाह. फोर टाइम्स."

पाडव्याला सकाळी वैद्यबाईंच्या गुढीचा फोटो फोनवर आला. तांब्या चमकत होता. आमच्या बांबूवर दरवर्षीसारखा स्टीलचा पेला होता, पण या खेपेला तो रेवतीने बांधला होता आणि काका तिला तारेचे वेढे मोजून दाखवत होते. मग तीच म्हणाली, "बाबा, माझी हाइट घे ना. एव्हरीबडीची आहे."

काकांनी गुण्या आणला, पाणसळ आणली, तिच्या टाचा चौकटीला टेकवल्या. गुण्या डोक्यावर ठेवायला त्यांना स्टुलावर चढावं लागलं. मी स्टूल धरलं होतं, त्यामुळे टेप मला स्पष्ट दिसत होती. पाच फूट सव्वादहा इंच. काकांनी रेघ मारली. पेन्सिल हातात धरून ते बराच वेळ त्या रेघेकडे बघत राहिले. काकूंनी श्रीखंड वाढून हाक मारली तेव्हा त्यांनी भराभर काहीतरी लिहिलं आणि खाली उतरले.

सगळे पानावर बसल्यावर मी पाणी आणायला गेलो आणि वाचलं. नाव, तारीख आणि पुढे काकांच्या ठसठशीत अक्षरात, "सहा फूट दोन इंच".

माझी रेघ तिच्या रेघेच्या पाव इंच वर आहे. माझ्या रेघेपुढे अजून पाच साडेदहाच लिहिलेलं आहे.